चाचणी आधी कुणाच्या हाती पडेल?

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर तालुक्यात सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी शेतीची चौकशी करतात. केळी किती, हळद किती, इसापूरच्या कॅनॉलचं पाणी येतं का, भावांच्या वाटण्या झाल्यात का. हे सगळं बैठकीत, उघड. चौकशीचा दुसरा भाग मात्र बैठकीत होत नाही. तो होतो फाट्यावरच्या हॉटेलात, नाहीतर त्या गावात दिलेल्या एखाद्या लांबच्या आत्याच्या घरी: ‘घराण्यात कुणाच्या डोक्यावर परिणाम वगैरे?’ तीस वर्षांपूर्वी एखादा चुलता स्वतःशी बोलत हिंडायचा, एवढं कानावर आलं तरी त्या घरच्या पोरींची स्थळं मागे फिरतात. म्हणून घरातलं तरणं पोर आजारी पडलं की पहिली धडपड दवाखान्याची नसते, झाकण्याची असते. थोरलीचं लग्न उरकेपर्यंत धाकट्याला ‘बाहेरचं झालंय’ म्हणून सैलानीच्या दर्ग्याला न्यायचं, आणि ती नांदायला गेली की मग नांदेडला डॉक्टर शोधायचा.

शहरातले सुधारक याला अंधश्रद्धा म्हणतात आणि प्रबोधनाची व्याख्यानं देतात. त्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. देवऋषी जे निदान करतो ते घराच्या सोयीचं असतं. करणी दुसऱ्याने केलेली असते, भूत वाटेत भेटलेलं असतं. त्यात घराण्याचा दोष नसतो, बहिणीच्या लग्नाला अडथळा नसतो. बाहेरचं खपून जातं, रक्तातलं खपत नाही. डॉक्टरच्या तोंडून ‘आजार काही प्रमाणात आनुवंशिक असतो’ एवढं वाक्य निघालं की त्या घराचं जे नुकसान होतं, ते देवऋषीच्या उताऱ्याच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठं असतं. लोक भोळे आहेत म्हणून नव्हे, हिशोबी आहेत म्हणून डॉक्टरकडे उशिरा जातात.

स्किझोफ्रेनियाची जनुकं आणि त्याच्या रक्तातल्या, मेंदूतल्या खाणाखुणा म्हणजे बायोमार्कर शोधण्याची जी जागतिक मोहीम चालू आहे, तिच्याकडे मी या ठिकाणाहून बघतो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की या शोधातून आजवर जे हाती आलं त्याने ‘घराण्यातलं वेड’ ही कल्पनाच मोडीत काढली आहे. पण ही बातमी आपल्याकडे पोचायच्या आत एखादी अर्धीकच्ची चाचणी पोचेल, आणि तिचा पहिला गिऱ्हाईक रुग्ण नसेल.

आधी आनुवंशिकतेचं खरं काय ते पाहू. समाजात साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असला तर हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास जातं. चुलत्याला असला तर पुतण्याला दोन ते चार टक्के. म्हणजे ज्या चुलत्यामुळे स्थळं मागे फिरतात, त्याच्या शंभर पुतण्यांपैकी पंचाण्णवाहून जास्त जणांना काहीच होत नाही. उलट्या बाजूने बघितलं तर हा आजार झालेल्या बहुतेकांच्या जवळच्या नात्यात आधी कुणालाच तो नसतो. ‘निर्मळ’ घराण्याचा दाखला त्यामुळे फारसा कामाचा नाही.

तरीही आनुवंशिकता खोटी नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता, अभ्यासागणिक, तेहतीस ते पन्नास टक्के निघते. दोन निरनिराळ्या बीजांच्या जुळ्यांत ती बरीच कमी. सेमूर केटी आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आजार मुलाला वाढवणाऱ्या घरामागे न जाता जन्म देणाऱ्या घरामागे जातो असं दिसलं. त्या काळात याचं महत्त्व फार होतं. १९४८ पासून अमेरिकेत एक मत रूढ झालं होतं, की थंड, दडपणारी आईच मुलाला स्किझोफ्रेनिया देते. एका पिढीच्या आयांनी मुलाचा आजार सोसला आणि वर त्याचा आरोपही सोसला. त्या आरोपातून आयांना सोडवलं ते जनुकांच्या संशोधनाने. हे ऋण मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

या अभ्यासांतून ‘स्किझोफ्रेनिया ऐंशी टक्के आनुवंशिक आहे’ असा आकडा येतो, आणि वर्तमानपत्रात तो तसाच छापला जातो. वाचणाऱ्याला वाटतं, वेड्या बापाच्या पोराला ऐंशी टक्के धोका. आकड्याचा अर्थ तसा अजिबात नाही. अर्धापूरच्या केळीच्या बागेत तो समजावून घेता येतो. टिश्यूकल्चरची ग्रँड नैन लावली की बागेतलं प्रत्येक रोप जनुकांच्या दृष्टीने एकसारखं. तरी एक झाड वेळेवर निसवतं आणि भरदार घड टाकतं, शेजारचं चार-पाच फण्यांवर अडतं, तिसऱ्यावर करपा येतो. या बागेत झाडाझाडांतला जो फरक आहे तो सगळा पाण्याचा, खताचा, वाऱ्याचा. घडाच्या वजनाची आनुवंशिकता इथे शून्य निघेल. म्हणून केळीला जनुकं नाहीत असं थोडंच आहे? आता त्याच रानात निरनिराळ्या जातींचे मुनवे आणून लावले आणि पाणी-खत सगळ्यांना सारखं दिलं, की तोच आकडा नव्वदवर जाईल. आनुवंशिकतेचा आकडा एका झाडाबद्दल काही सांगत नाही. तो त्या बागेतल्या फरकांची वाटणी सांगतो, आणि बाग बदलली की वाटणी बदलते. डेन्मार्कच्या जुळ्यांवरून निघालेले ऐंशी टक्के हे डेन्मार्कच्या बागेचे आहेत.

जनुकांचा शोध कसा चालला ते आता थोडं सांगतो, कारण त्यातली फजितीही शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला सगळ्यांना एकच जनुक हवं होतं. १९८८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पाचव्या गुणसूत्रावर स्किझोफ्रेनियाचा ठिकाणा सापडल्याचा निबंध आला. त्याच अंकात दुसऱ्या गटाचा निबंध होता, की स्वीडनमधल्या एका मोठ्या कुटुंबात तसं काही सापडत नाही. पहिला निबंध पुढे टिकला नाही. मग स्कॉटलंडमधल्या एका कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल आणि मानसिक आजार सोबत चाललेले दिसले. २००० मध्ये तिथल्या जनुकाला ‘डिस्क-१’ असं नावच आजारावरून दिलं गेलं. त्यावर शेकडो निबंध निघाले. जगभरच्या हजारो रुग्णांत शोधल्यावर मात्र त्या जनुकाचा सामान्य रुग्णाशी खास संबंध दिसेना. आयर्विंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं, की यामागे एक जनुक नसून पुष्कळ जनुकांचे बारीक बारीक हातभार असणार. त्यांचं म्हणणं तपासायला लागणारी यंत्रं यायला चाळीस वर्षं गेली.

यंत्रं आली आणि माणसंही लागली. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातली १०८ ठिकाणं हाती आली. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसं यांच्या तुलनेतून २८७. यातल्या एकेका ठिकाणाचा परिणाम इतका किरकोळ, की तो दिसायलाच एवढा मोठा जमाव लागला. ही सगळी ठिकाणं आणि त्यांच्या मागे अजून न दिसलेली हजारो मिळून एकेका माणसाचा गुण काढला, तर आजाराकडे असलेल्या कलातला सुमारे सात टक्के फरक त्यातून समजतो. सात! तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. आपल्यासारख्यांत हा गुण आणखी दुबळा पडतो, कारण तोवर अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के माणसं युरोपीय वंशाची होती.

या यादीतून आजार कसा घडतो याचे धागे मात्र मिळतात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने ‘सी-४’ या जनुकाचा पत्ता लावला. ते मुळात रोगप्रतिकाराचं जनुक. मेंदूत मात्र नको असलेल्या जोडण्या छाटण्याच्या कामी येतं. ही छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते, किशोरवयात जोरात होते. ती गरजेपेक्षा जास्त झाली तर? आजार विशीच्या आगेमागे का डोकं वर काढतो, याचं एक पटण्यासारखं उत्तर यात दिसतं. पण या जनुकाचा सर्वांत धोक्याचा प्रकार अंगी असला तरी शेकडा एकचा धोका सव्वापर्यंतच जातो. यावर कुणाचं लग्न मोडायचं?

थोडी उदाहरणं याला अपवाद आहेत, तीही सांगायला हवीत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गळालेला असला तर दर चार जणांत एकाला पुढे असा आजार होतो. अशा मुलांना बहुधा हृदयाचा, टाळूचा दोष असतो, शिकण्यात अडचण असते. तिथे जनुकीय चाचणीने खरोखर फायदा होतो. पण असे रुग्ण शंभरात एखादाच. उरलेल्या नव्व्याण्णवांच्या बाबतीत जनुकशास्त्राचा निकाल असा, की आजाराला हातभार लावणारे बारीक फरक तुमच्यात, माझ्यात, चौकशी करणाऱ्या पाहुण्यात आणि त्याच्या मुलात शेकड्यांनी आहेत. कुणाच्यात थोडे जास्त, कुणाच्यात थोडे कमी. त्यावर गर्भातल्या आजारपणाचा, लहानपणीच्या हालांचा, गांजाचा, एकटेपणाचा भार पडला की कुणी एक कोसळतो. वेडाचं घराणं आणि शहाण्याचं घराणं अशी रेघच निसर्गाने ओढलेली नाही.

ती रेघ माणसांनी एकदा ओढून पाहिली आहे. एर्न्स्ट रुडिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९१६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या आनुवंशिकतेचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याचं भाष्य लिहिणाऱ्यांत हाच रुडिन होता. कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. पुढे नसबंदीवरून गोष्ट मारून टाकण्यापर्यंत गेली. एका अंदाजानुसार दोन लाख वीस हजार ते दोन लाख सत्तर हजार स्किझोफ्रेनियाग्रस्तांची नसबंदी किंवा हत्या झाली. म्हणजे त्या देशातले जवळजवळ तीन चतुर्थांश, कदाचित सगळेच. आजार रक्तातून सरळ उतरत असता तर पुढच्या पिढीत जर्मनी त्यातून मोकळी व्हायला हवी होती. युद्धानंतरच्या पाहण्यांत तिथे नव्या रुग्णांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. नीती बाजूला ठेवा, हिशोब म्हणूनसुद्धा घराण्याचा सिद्धांत तिथे हरला.

आता रक्तातल्या खुणांकडे. मनोविकारशास्त्राला चाचणी सापडली की काय होतं, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. शंभर वर्षांपूर्वी वेड्यांच्या इस्पितळांत ‘जनरल पॅरालिसिस’ नावाच्या वेडाचे रुग्ण खच्चून भरलेले असत. १९०६ मध्ये उपदंशाची रक्तचाचणी निघाली, १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना त्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दिसले, पुढे पेनिसिलीन आलं आणि ते वेडच संपलं. २००७ मध्ये मेंदूतल्या एका ग्राहकावर (रिसेप्टरवर) शरीर स्वतःच हल्ला करतं असा आजार ओळखला गेला. त्याआधी त्यातल्या कितीतरी तरुण मुली वेड्या ठरल्या असतील. ज्याला चाचणी मिळते तो आजार मनोविकाराच्या वॉर्डातून बाहेर पडतो. मागे जे उरतं त्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो. तेव्हा ‘स्किझोफ्रेनियाची चाचणी’ ही मागणीच जरा विचित्र आहे. बहुधा या नावाखाली अनेक आजार एकत्र राहत असावेत, आणि एकेक करून ते वेगळे निघतील.

असा एक आजार आपल्या ज्वारीच्या पट्ट्यातलाच. पेलाग्रा. ब-३ म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने कातडी काळवंडते, जुलाब लागतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो. जगभर तो मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून माहीत होता. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना होतो. त्यांनी दोष ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनला दिला. त्यावर पुढे वाद झाला, पण रोग खरा होता. ताटात डाळ, दूध, शेंगदाणे आले की असलं वेड निघून जातं. त्याला ना देवऋषी लागतो ना जनुकं.

आणि हेच नायसिन साठ वर्षांनी पुन्हा पुढे आलं. चेन्नईची स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन म्हणजे ‘स्कार्फ’ आणि ऑस्ट्रेलियातले क्वीन्सलँडचे संशोधक यांनी दक्षिण भारतातल्या सुमारे ३,१०० माणसांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आठव्या गुणसूत्रावर एक ठिकाण सापडलं, आणि तिथल्या ज्या जनुकावर संशय गेला ते शरीरातल्या नायसिनच्या वापराशी संबंधित आहे. नायसिन कातडीला लावलं की निरोगी माणसाची कातडी लाल होते आणि स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांत ती लाली कमी उमटते, हे निरीक्षण कित्येक दशकांचं आहे. (आपल्या सावळ्या कातडीवर लाली मोजायची कशी, हा प्रश्न युरोपात फारसा पडला नसावा.) जुनं निरीक्षण आणि नवं जनुक असे एका जागी येणं विलक्षण आहे. पण म्हणून कुणी नायसिनच्या गोळ्या घेत सुटू नये. १९५० च्या दशकात कॅनडात हॉफर आणि ऑसमंड यांनी नायसिनच्या भरमसाट मात्रा देऊन रुग्ण बरे होतात असा दावा केला होता. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो उतरला नाही.

महाराष्ट्रातलं काम पुण्याचं. अमेरिकेत जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले साहेबराव महाडिक आणि पुण्याचे प्रभाकर रांजेकर, साधना जोशी यांच्यासारखे जीवरसायनशास्त्रज्ञ यांनी २००० नंतरच्या दशकात रुग्णांच्या रक्तातली मेदाम्लं, ऑक्सिडीकरणाला आवर घालणारी विकरं, ब-१२, फॉलिक आम्ल, होमोसिस्टीन, मेंदूच्या वाढीला लागणारी प्रथिनं तपासली. बऱ्याच गोष्टी रुग्णांत कमी-जास्त निघाल्या: ब-१२ आणि फॉलिक आम्ल कमी, होमोसिस्टीन जास्त. या कामाला जगात किंमत मिळाली ती एका खास कारणाने. हे रुग्ण औषध कधीच न घेतलेले होते. पाश्चात्त्य देशांत रुग्ण लवकर औषधावर जातो, मग रक्तात दिसलेला फरक आजाराचा की गोळीचा हे सांगता येत नाही. आपल्याकडे पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढलेला, कोरा रुग्ण मिळतो.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) गंभीर मनोविकाराच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्यांना उपचार मिळाले नाहीत हीच गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीने दुर्मिळ ठेव ठरते. संशोधकांचा यात दोष नाही. त्यांच्याकडे आलेल्याला उपचार मिळाले. पण ज्या गावाकडून आपण शुद्ध नमुना घेतो, त्या गावाला आपण काय परत देतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं रक्त काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, उद्या चाचणी निघालीच. चांगली, नव्वद टक्के अचूक. दोन्ही बाजूंनी: आजार होणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना पकडणारी आणि न होणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना सोडणारी. हजार तरुणांच्या गावात ती केली. आजार होणारे दहा, त्यांतले नऊ सापडले. न होणारे नऊशे नव्वद, त्यांतल्या नव्व्याण्णवांवर चुकीचा शिक्का बसला. शिक्का बसलेले एकशे आठ, खरे नऊ. बाराजणांत एक. बाकी अकराजणांनी उरलेलं आयुष्य कोणत्या नावाने काढायचं? आणि आज हाती असलेला जनुकगुण या नव्वदच्या जवळपासही नाही.

चाचणीचा उपयोग कोण कसा करतो, याचा आपल्याकडे पुरावा आहे. सोनोग्राफी गर्भातल्या बाळाचं व्यंग शोधायला आली. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत आमच्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली आठशेच्या थोड्याच वर होत्या. कायदा असून ही गत. आज अमेरिकेत काही कंपन्या नळीतल्या गर्भांना स्किझोफ्रेनियाचा जनुकगुण लावून ‘चांगला’ गर्भ निवडायची सेवा विकतात. ती पुण्या-मुंबईत यायला किती वेळ लागेल? आणि गर्भापर्यंत जायचीही गरज नाही. कुंडली जुळवतो, रक्तगट विचारतो, त्यात आणखी एक कागद वाढेल. तो कागद हुंड्याचा भाव ठरवेल.

कायद्याचा आधारही डळमळीत आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात घटस्फोटाचं कारण म्हणून मानसिक विकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्किझोफ्रेनियाचं नाव घालून ठेवलं आहे. मधुमेहाचं नाही, मिरगीचं नाही, याचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात बजावलं, की नुसता शिक्का पुरत नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी तीव्रता दाखवावी लागते. निकाल शहाणपणाचा आहे, पण तालुक्याच्या कोर्टात आलेल्या सुनेला तो माहीत असतोच असं नाही. जनुकांवरून भेदभाव करायला अमेरिकेने २००८ मध्ये नोकरी आणि आरोग्यविम्यापुरती कायद्याने मनाई केली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लोकांना पटवून दिलं की हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा, जनुकांतून येणारा, तर रुग्णाला दोष देणं थांबेल, कलंक जाईल. मलाही असंच वाटत असे. पण जर्मनीत आणि इतर देशांत वर्षानुवर्षं झालेल्या पाहण्या वेगळं सांगतात. मेंदूचा आजार, जनुकांचा आजार हे लोकांना पटत गेलं. औषधोपचारावरचा विश्वास वाढला. मात्र रुग्णाला शेजारी, सहकारी, जावई म्हणून स्वीकारायची तयारी वाढली नाही. दोष गेला आणि भीती राहिली. जिथे जात जन्माने ठरते आणि सोयरीक जातीने, तिथे ‘जन्मजात’ म्हटलेल्या गोष्टीचं काय होतं हे सांगायला पाहणीची गरज नाही.

मग शोध थांबवायचा का? मुळीच नाही. उलट त्यात आपली माणसं यायला हवीत. शतकानुशतकं जातीतच लग्नं केल्यामुळे आपल्या समाजगटांत काही दुर्मिळ जनुकफरक साचलेले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारस्वामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की तपासलेल्या २६३ दक्षिण आशियाई गटांपैकी ८१ गटांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आहे. मामाची मुलगी करायची चाल असलेल्या मराठवाड्यात शोधायला पुष्कळ आहे. आणि जनुकांखेरीज गर्भातल्या उपासमारीचाही शोध घ्यायला हवा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमारीत पोटात असलेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनिया दुप्पट आढळला. १९५९ ते ६१ च्या चीनमधल्या दुष्काळातही तसंच. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडी आणि मिलो ज्वारी खाणाऱ्या गरोदर बायांची मुलं आज पन्नाशीत आहेत. रोजगार हमीच्या कामांनी त्यांतल्या कितीजणांना वाचवलं, हाही प्रश्न त्याच अभ्यासात विचारण्यासारखा आहे. त्यातून निघालेलं उत्तर सगळ्या जगाच्या उपयोगी पडेल.

फक्त वाट पाहायला सांगू नका. अमेरिकेच्या मानसिक आरोग्य संस्थेचे २०१५ पर्यंतचे संचालक थॉमस इन्सेल यांनीच पुढे कबूल केलं, की आपल्या कारकिर्दीत जनुकं आणि मेंदूवर अब्जावधी डॉलर खर्च झाले, उत्तम निबंध निघाले, पण रुग्णांच्या आत्महत्या, इस्पितळातल्या भरत्या, बरं होणं यांत फरक पडला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, अनेक दशकांनी आलेलं वेगळ्या पद्धतीचं औषधसुद्धा जनुकांच्या यादीतून आलेलं नाही. त्यातला मुख्य घटक १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंशासाठी तपासलेला होता.

कशाने फरक पडतो तेही आपल्याच देशात तपासून झालंय. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोव्याची ‘संगाथ’, साताऱ्याची ‘परिवर्तन’, चेन्नईची ‘स्कार्फ’ आणि त्यांच्यासोबत विक्रम पटेल, हमीद दाभोलकर वगैरे मंडळी. काही रुग्णांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार, काहींना त्याखेरीज गावातलाच शिकवून तयार केलेला कार्यकर्ता घरी येऊन भेटणारा: गोळ्या चालू आहेत का, काम सुरू झालं का, घरचे काय म्हणतात. वर्षभरानंतर दुसऱ्या गटाचा आजार आणि परावलंबन जास्त कमी झालं. फार मोठा फरक नव्हे. पण मोजता येण्याजोगा, आणि त्याला गुणसूत्राची गरज पडली नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही अशाच घरच्या अनुभवातून उभी राहिली. तिचे संस्थापक जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराने त्यांना या कामात ओढलं. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून झाला. आकड्यांत आयुष्य गेलेल्या त्या माणसाने आपला वेळ आणि पैसा रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसवण्यात घातला, हे मला फार बोलकं वाटतं.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. जालन्याला मंजुरी मिळाली आहे. अर्धापूरहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर, पुणे चारशेहून अधिक. आज या आजाराच्या रुग्णासाठी खरोखर कामाच्या रक्तचाचण्या साध्याच आहेत. थायरॉइड, ब-१२, उपदंश, साखर, म्हणजे दुसरंच काही नाही ना ते कळतं; आणि क्लोझापिन चालू असलं तर पांढऱ्या पेशींची मोजणी. या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी व्हायला हव्यात. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन ही औषधं देशाच्या अत्यावश्यक यादीत आहेत. ती ग्रामीण रुग्णालयात बारा महिने मिळायला हवीत. महिन्यातून एकदा येणारा मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा यावा. आणि जनुकांवरून लग्नात, नोकरीत, विम्यात भेदभाव करायला मनाई करणारा कायदा चाचणी बाजारात येण्याआधी व्हावा. गर्भलिंगाच्या वेळेसारखा मागाहून नको.

तोवर घरातलं अठरा-वीस वर्षांचं पोर महिनाभर झोपत नसेल, कुणी मागावर आहे म्हणत असेल, नसलेल्या आवाजांना उत्तरं देत असेल, तर बहिणीच्या लग्नाची वाट बघू नका. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक फिरवा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.